दोन उड्डाणे, ५० मिनिटे आणि १४ तास

काचेपलीकडे विमान उभे होते. एअरोब्रिज अजून त्याच्या दाराला टेकलेला होता, पंखाखालून सामानाची रिकामी गाडी वळत होती आणि सुटण्याच्या वेळेला ९ मिनिटे बाकी होती. तरीही गेटवरच्या कर्मचाऱ्याने माझा बोर्डिंग पास यंत्राला लावला तेव्हा लाल दिवा लागला आणि ‘या उड्डाणावर आता आपली जागा नाही, आपण सेवा काउंटरवर जावे’ असे त्याने अत्यंत सभ्यपणे सांगितले. हा आढावा त्या कंपनीच्या सेवेतील एकाच गोष्टीचा आहे, ती म्हणजे उड्डाण लांबले की कंपनी कोणाला पुढे काढते आणि कोणाला मागे ठेवते. आसने, स्वच्छता आणि कर्मचाऱ्यांचे वागणे यांबद्दल माझी तक्रार नाही. कंपनीचे नावही देत नाही, कारण जे घडले ते बहुतेक मोठ्या कंपन्यांत साधारण याच पद्धतीने घडते.

माझ्या तिकिटावर त्या एकाच कंपनीची दोन उड्डाणे होती आणि मधल्या विमानतळावर १ तास २५ मिनिटांचा अवधी होता. पहिले उड्डाण लांबले. फलकावर आधी २० मिनिटे, मग ३५, मग ५० असा आकडा सरकत गेला आणि प्रत्येक वेळी कारण तेच सांगितले गेले, की येणारे विमान अजून पोहोचलेले नाही. उतरल्यावर हाती ३५ मिनिटे उरतील, हा हिशेब मी खिडकीशी बसून पुन्हापुन्हा केला होता. चाके टेकल्यावर घोषणा झाली की एका दूरच्या शहराला जाणाऱ्या ३१ प्रवाशांसाठी त्यांचे पुढचे विमान थांबवून ठेवले आहे, तरी इतरांनी बसून राहावे आणि त्यांना आधी उतरू द्यावे. कोणीही बसून राहिले नाही. या घोषणेचा मान राखणारी केबिन मी अद्याप पाहिलेली नाही, आणि त्या दिवशी उभ्या राहिलेल्यांत मीही होते. विमानाबाहेर पडेपर्यंत १२ मिनिटे गेली आणि पुढच्या गेटपर्यंत पोहोचायला १४. धावण्याच्या गडबडीत फोनवर आलेला एक संदेश मी उघडला नव्हता, तो गेटवरून परत फिरल्यावर वाचला. कंपनीने मला दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणावर हलवले होते, आणि संदेशावरची वेळ आमचे विमान उतरण्याच्या २२ मिनिटे आधीची होती. मी हवेत असतानाच माझी जागा गेलेली होती. गेटपर्यंतची ती धाव म्हणजे निव्वळ व्यायाम झाला.

सेवा काउंटरवरच्या ज्येष्ठ कर्मचारी बाईंनी माझी चिडचिड शांतपणे ऐकून घेतली आणि त्यानंतर त्या जे बोलल्या ते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत प्रामाणिक बोलणे होते. त्या विमानतळावर दोन उड्डाणांच्या मध्ये किमान ४५ मिनिटे लागतात असे कंपनीने धरलेले आहे. आमच्या हाती ३५ मिनिटेच उरणार हे स्पष्ट होताच संगणकाने मला आणि आणखी चौघांना ‘कनेक्शन चुकणारे’ ठरवले, आमच्या जागा प्रतीक्षायादीतल्या प्रवाशांना दिल्या आणि आमच्या बॅगा त्या विमानात चढवू नयेत असा निरोप खाली पाठवला. ‘पाच जणांसाठी विमान थांबवत नाहीत, मॅडम. एकतीस जणांसाठी थांबवले, कारण त्या शहराला यानंतरचे उड्डाण थेट परवा आहे,’ असे त्या म्हणाल्या. पण मी तर नऊ मिनिटे आधी गेटवर हजर होते, असे मी म्हटल्यावर त्यांनी पडदा किंचित माझ्याकडे वळवला. माझ्या नावासमोर त्या उड्डाणाच्या रकान्यात ‘रद्द’ असे दिसत होते आणि माझ्या आसनावर दुसरेच नाव आलेले होते.

हा क्रम गेटवर ठरत नाही. तो कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमध्ये ठरतो आणि गेटवरच्या माणसाला बहुधा प्रवाशांइतकाच उशिरा कळतो. त्या नियंत्रण कक्षात उड्डाणांचे नियोजन करणारे डिस्पॅचर, क्रूच्या पाळ्या लावणारे, देखभाल विभागाचे आणि प्रवाशांच्या बाजूने बोलणारे असे निरनिराळे लोक एकाच दालनात बसलेले असतात. सुरक्षितता ही त्यांच्या क्रमवारीतली बाब नाही. क्रमवारी सुरू होण्याआधीची ती अट आहे. ती पुरी झाली की पहिला मान विमानाचा. लहान पल्ल्यावरचे विमान दिवसाला चार-सहा फेऱ्या करते, त्यामुळे सकाळी राहिलेली ४० मिनिटांची थकबाकी संध्याकाळपर्यंत चार निरनिराळ्या शहरांतल्या प्रवाशांच्या गळ्यात पडते. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने विलंबाच्या कारणांना दोन अंकी संकेतांक दिलेले आहेत, त्यांतला ९३ हा आधीच्या फेरीहून उशिरा आलेल्या विमानासाठी आहे आणि माझ्या पहिल्या उड्डाणाच्या नोंदीत तोच पडला असणार. युरोपात विलंबाच्या एकूण मिनिटांपैकी निम्म्याच्या जवळपास मिनिटे अशी मागून ढकलत आलेली असतात, असे युरोपातील हवाई वाहतुकीचा समन्वय करणाऱ्या युरोकंट्रोल या संस्थेच्या आकडेवारीवरून दिसते. म्हणून नियंत्रण कक्ष पुष्कळदा असा निर्णय घेतो की तीन उड्डाणे प्रत्येकी तासभर लांबवण्याऐवजी एकाच उड्डाणाला तीन तास बसवून ठेवावे आणि त्याचे विमान दुसऱ्याला द्यावे. ज्यांचे विमान असे डोळ्यांदेखत शेजारच्या गेटवर जाते त्यांना तो उघड अन्याय वाटतो, आणि त्यांच्यापुरता तो असतोही. पण दिवसअखेर खोळंबलेल्या माणसांची एकूण संख्या त्यामुळे घटते, हेही नाकारता येत नाही.

विमानाच्या पाठोपाठ क्रूचा क्रमांक लागतो, आणि येथे प्रवाशांचा सर्वांत मोठा गैरसमज होतो. अमेरिकेत जानेवारी २०१४पासून लागू असलेल्या नियमांनुसार दोन वैमानिकांच्या क्रूचा ड्युटीचा काळ, तो किती वाजता सुरू झाला आणि त्यात किती टप्पे आहेत हे पाहून, ९ ते १४ तासांच्या मर्यादेत ठेवावा लागतो. अनपेक्षित अडचणीत तो दोन तासांपर्यंत वाढवता येतो, पण त्याला कमांडर वैमानिकाची संमती लागते. त्यामुळे विमान दाराशी उभे आहे, हवा स्वच्छ आहे, प्रवासी बसलेले आहेत आणि तरीही उड्डाण रद्द होते, कारण उतरण्याच्या आधीच क्रूची मर्यादा ओलांडली जाईल. याच कारणाने, दुसऱ्या ठिकाणचे उड्डाण चालवायला निघालेल्या क्रूला पैसे भरलेल्या प्रवाशाच्या आधी जागा मिळते. एप्रिल २०१७मध्ये शिकागोहून लुइव्हिलला जाणाऱ्या युनायटेड या अमेरिकी कंपनीच्या उड्डाणात अशाच चार कर्मचाऱ्यांसाठी बसलेल्या प्रवाशांना उतरवण्याचा प्रयत्न झाला आणि एका प्रवाशाला ओढून नेल्याची दृश्ये जगभर पोहोचली. चार क्रू न पोहोचल्यास दुसऱ्या शहरातले आख्खे विमान अडकते, हा हिशेब बरोबरच होता. माणसे आसनांवर बसल्यानंतर तो मांडला गेला, हे मात्र अक्षम्य होते. क्रू कुठे आहे हेच कंपनीला कळेनासे झाले तर काय होते, ते डिसेंबर २०२२मध्ये साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीच्या बाबतीत दिसले. हिवाळी वादळानंतर इतर कंपन्या सावरल्या, पण साउथवेस्टची क्रू नेमणारी यंत्रणा कोलमडली आणि सुट्ट्यांच्या ऐन गर्दीत तिची १६ हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली; पुढच्या वर्षी अमेरिकेच्या परिवहन खात्याने कंपनीला १४ कोटी डॉलरांचा दंड केला.

तिसरी गोष्ट घड्याळाची. युरोपात हवाई मार्गांवर गर्दी झाली की युरोकंट्रोलच्या ब्रसेल्समधील केंद्राकडून उड्डाणाला झेप घेण्याची ठरावीक वेळ दिली जाते, आणि त्या वेळेच्या ५ मिनिटे आधीपासून १० मिनिटे नंतरपर्यंतच विमानाला निघता येते. पाच माणसांसाठी सहा मिनिटे थांबावे आणि ती खिडकी हुकावी, की नवी वेळ तासाभराने मिळू शकते. फ्रँकफुर्टला रात्री ११ ते पहाटे ५ आणि सिडनीला रात्री ११ ते सकाळी ६ या काळात नियमित उड्डाणांना बंदी असते. अशा ठिकाणी जाणारे शेवटचे उड्डाण नियंत्रण कक्ष डोळ्यांत तेल घालून सांभाळतो आणि त्यासाठी दुपारचे दुसरे एखादे उड्डाण निमूटपणे मागे सरकवतो. अमेरिकेत वादळामुळे एखाद्या विमानतळाची क्षमता घटली की प्रत्येक कंपनीला तिच्या मूळ वेळापत्रकानुसार उतरण्याच्या वेळा वाटून दिल्या जातात, पण त्या वेळा स्वतःच्या कोणत्या उड्डाणाला द्यायच्या हे कंपनी ठरवते. कंपनीचा खरा प्राधान्यक्रम पाहायचा असेल तर तो येथे पाहावा. दर तासाला विमान असलेल्या मार्गावरचे एखादे उड्डाण बहुधा बळी जाते, कारण त्यातले प्रवासी पुढच्या दोन-तीन विमानांत विखरून बसवता येतात. ५० आसनांचे छोटे विमान थांबते आणि त्याची वेळ खंड ओलांडून येणाऱ्या मोठ्या विमानाला जाते. छोट्या शहरांच्या प्रवाशांना आपले उड्डाण नेहमीच आधी रद्द होते असे वाटते, आणि त्यांचे ते वाटणे निराधार नाही.

आता पुन्हा माझ्या गेटकडे. पाच जणांसाठी विमान थांबवतच नाहीत, हे त्या बाईंचे म्हणणे त्या कंपनीपुरते खरे असेल, पण ते अटळ नाही. युनायटेडने २०१९मध्ये सुरू केलेली कनेक्शनसेव्हर ही प्रणाली हाच प्रश्न उड्डाणागणिक विचारते: उशिरा येणारे प्रवासी किती, त्यांना गेटपर्यंत यायला किती वेळ लागेल, आणि त्यांच्यासाठी काही मिनिटे थांबले तरी आत बसलेल्यांना मुक्कामी वेळेवर पोहोचवता येईल का. वेळापत्रकात बहुतेक उड्डाणांना थोडी मोकळीक दिलेली असते, वारा मागून असला की आणखी मिनिटे वाचतात आणि थोडे अधिक इंधन जाळून वेगही वाढवता येतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘हो’ असे येते. उशिरा येणाऱ्या प्रवाशाला गेटचा रस्ता आणि अंतर फोनवर कळवले जाते. माझ्या कंपनीकडे असा हिशेब करणारी यंत्रणा होती, अन्यथा ३१ जणांचे विमान थांबले नसते. आम्हा पाच जणांसाठी मात्र तिने ४५ मिनिटांचा सरसकट आकडा वापरला आणि पुढे काही पाहिले नाही. मी २६ मिनिटांत गेटवर पोहोचले होते, माझ्यामागून आलेला एक तरुण तर माझ्याही पुढे गेला होता. चाकाची खुर्ची लागणाऱ्या आजोबांना मात्र ते जमले नसते, आणि आमच्या पाचांत तेही एक होते, म्हणून सगळ्यांसाठी थांबायला हवे होते असा माझा दावा नाही. किमान जे पोहोचू शकतात त्यांच्या जागा विमान उतरेपर्यंत राखून ठेवायला हव्या होत्या.

जागा गेल्यावरची रांग कशी लागते, हा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण त्यात फारसे गूढ नाही. वरच्या वर्गाचे तिकीट, कंपनीचे नेहमीचे प्रवासी म्हणून मिळालेला दर्जा, तिकिटाचा प्रकार, आणि मग चेक-इनची वेळ, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो आणि संगणक तो क्षणात लावतो. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या हवाई प्रवाशांच्या हक्कांविषयीच्या नियमावलीचे ११वे कलम मात्र सांगते की हालचालीस अडचण असलेल्या व्यक्ती, त्यांचे सोबती आणि एकटी प्रवास करणारी मुले यांना आधी न्यावे. माझ्या प्रवासाला ती नियमावली लागू नव्हती, तरीही कंपनीने त्या आजोबांना आम्हा सर्वांच्या आधी हॉटेलवर पोहोचवले, हे मी मुद्दाम नोंदवते. जे खटकले ते वेगळे: त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका कंपनीचे विमान आमच्या मुक्कामी जाणार होते आणि त्यात जागा होत्या, पण आमचे पुनर्आरक्षण करताना संगणकाने फक्त स्वतःच्या कंपनीची उड्डाणे पाहिली. मी विचारल्यावर बाईंनी वरिष्ठांना फोन लावला आणि उत्तर आले की अशी बदली करण्याचा अधिकार काउंटरला नाही. परक्या विमानातली जागा कंपनीला विकत घ्यावी लागते, स्वतःच्या सकाळच्या विमानातली रिकामी जागा फुकट पडते. क्रमवारीतला हा घटक कोणत्याही फलकावर लिहिलेला नसतो.

या सगळ्याच्या मुळाशी मोजमाप आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या हिशेबात नियोजित वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत गेटला लागलेले उड्डाण ‘वेळेवर’ आलेले असते, आणि कंपन्या आपापसांतली स्पर्धाही याच आकड्यावर खेळतात. त्यामुळे १२ मिनिटे मागे पडलेल्या उड्डाणासाठी सर्व यंत्रणा धावते, आणि जे आधीच दोन तास लांबले आहे ते आणखी अर्धा तास लांबले तरी तक्त्यात काही बदलत नाही. भरपाईचा कायदाही असाच एक उंबरठा घालतो. युरोपीय न्यायालयाच्या २००९च्या निकालानंतर तेथे मुक्कामी ३ तास किंवा त्याहून उशीर झाल्यास, विलंब असाधारण परिस्थितीमुळे झाला नसेल तर, अंतरानुसार २५० ते ६०० युरो द्यावे लागतात. अशा वेळी २ तास ४० मिनिटे मागे असलेले उड्डाण नियंत्रण कक्षाला अतिशय प्रिय होते, आणि साडेतीन तास मागे असलेल्याची निकड एकदम ओसरते, कारण त्याचे पैसे तर जाणारच आहेत. विमान नेमके कधी ‘पोहोचले’ यावरही तेथे खटला झाला आणि २०१४मध्ये न्यायालयाने सांगितले की चाके टेकल्याची वेळ धरायची नाही, विमानाचे किमान एक दार उघडून प्रवाशांना बाहेर पडता येईल तो क्षण धरायचा. एवढा काथ्याकूट कंपन्या मिनिटांसाठी करतात.

माझ्या बाबतीत त्या दिवशीची नोंद अशी झाली असणार: पहिले उड्डाण ५० मिनिटे उशिरा, कारण ९३, दुसरे उड्डाण वेळेवर. मी स्वतः मुक्कामी १४ तास उशिरा पोहोचले आणि ते १४ तास कोणत्याही रकान्यात बसत नाहीत, कारण तक्ता विमानांचा आहे, माणसांचा नाही. युरोपीय न्यायालयाने २०१३मध्ये एका निकालात हे ओळखले. पहिल्या टप्प्यावरचा उशीर तीन तासांहून कितीही कमी असला तरी, त्यामुळे पुढचे विमान चुकले तर भरपाईसाठी अखेरच्या मुक्कामावरचा उशीर पाहायचा, असे तेथे ठरले. प्रवाशाला त्याच्या स्वतःच्या घड्याळाने मोजणारा याहून सरळ नियम माझ्या पाहण्यात नाही. तो जेथे लागू आहे तेथे पाच जणांची किंमतही नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर आकड्यात उमटते, आणि आकडा उमटला की सहा मिनिटे थांबण्याचा विचार निदान होतो तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळेवर जाऊन बसले. निघायची वेळ टळून गेली तरी दार उघडेच होते. कप्तानाने सांगितले की मागून येणाऱ्या नऊ प्रवाशांसाठी आपण थांबलो आहोत आणि वाऱ्याची साथ असल्यामुळे पोहोचताना उशीर होणार नाही. ११ मिनिटांनी ते नऊ जण घामाघूम होऊन आत आले. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मोठ्याने उसासा टाकून घड्याळ पाहिले, आणि त्यांच्या आधी मीही पाहिले होते, हे कबूल करते. आम्ही ठरल्या वेळेच्या ४ मिनिटे आधी उतरलो. ज्याने तो निर्णय घेतला त्या अनामिक डिस्पॅचरला माझ्याकडून पूर्ण गुण. नियंत्रण कक्षाचे काम एकंदरीत पाचपैकी चार गुणांचे आहे. काउंटरवरच्या बाईंनाही चार. त्यांच्या हाती अधिकार दिले असते तर पाच दिले असते. संदेश वेळेत आला, पण त्यात जागा का गेली याचा एक शब्द नव्हता आणि गेटकडे धावू नका एवढेही लिहिलेले नव्हते, त्यासाठी एक. दुसऱ्या कंपनीचे विमान असताना रात्रभर थांबवून ठेवण्याला शून्य. यापुढे या कंपनीने प्रवास करताना मी दोन उड्डाणांत किमान अडीच तास ठेवीन, शक्यतो दिवसातले पहिले उड्डाण घेईन, कारण त्याचे विमान बहुधा रात्रीच येऊन उभे असते, आणि मुक्कामाचे त्या दिवसातले शेवटचे उड्डाण पुढच्या टप्प्यासाठी कधीही निवडणार नाही.

मी लेखी तक्रारही केली होती. उत्तर १९व्या दिवशी आले. चार ओळींच्या त्या पत्रात गैरसोयीबद्दल दिलगिरी होती, पहिल्या उड्डाणाच्या विलंबाचे कारण होते, आणि तिसऱ्या ओळीत मला कळवण्यात आले होते की माझे पुढचे उड्डाण त्या दिवशी अगदी वेळेवर सुटले.